उंदराच्या थेंबभर रक्तातला दाह

"तीन दिवस ताप होता म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्टमध्ये सीआरपी ४८ आलाय. हे फार आहे का?" आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरपासून जामखेडपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर हा प्रश्न ऐकू येतो. २०२० आणि २०२१ च्या कोविडच्या लाटांनी सीआरपी ही तीन अक्षरे घरोघरी पोहोचवली. त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. एखाद्या तेलाच्या बाटलीवर किंवा काढ्याच्या पुडीवर छापलेले असते, 'उंदरांवरील प्रयोगात सूज कमी करत असल्याचे सिद्ध'. वाचणाऱ्याला साहजिकच वाटते, उंदराची सूज मोजली कशी? त्याचाही सीआरपी काढला का?

बहुतेक वेळा त्याचे उत्तर 'नाही' असे असते, आणि ते 'नाही' का, हे कळले की दाह मोजण्याचे अर्धे शास्त्र कळते. उरलेले अर्धे शास्त्र म्हणजे एका प्लास्टिकच्या प्लेटवर रंग येण्याची गोष्ट. दोन्ही क्रमाने पाहू.

१. रिपोर्टमधला आकडा कशाचा असतो?

पायात बाभळीचा काटा मोडला की तासा-दोन तासांत तिथे लाली येते, जागा गरम लागते, फुगते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. हा आजार नव्हे. शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली धडपड आहे. जखमेतल्या पेशींना जंतूंची चाहूल लागते आणि त्या निरोप देणारी प्रथिने सोडतात. टीएनएफ-अल्फा, आयएल-१ आणि आयएल-६ ही त्यातली मुख्य. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी आयएल-६ रक्तातून यकृतापर्यंत पोहोचते, आणि यकृत काही प्रथिने झपाट्याने बनवू लागते. माणसात त्यांतले सर्वांत ओळखीचे प्रथिन म्हणजे सीआरपी.

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लागला. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, न्यूमोनियाच्या जंतूपासून काढलेल्या 'सी' नावाच्या शर्करेत मिसळले. मिश्रणात साका तयार झाला. रुग्ण बरा झाल्यावर त्याच्याच सीरमने साका होईना. आजारपणात येणारे आणि बरे वाटल्यावर जाणारे काहीतरी रक्तात आहे, हे त्या साक्याने दाखवले.

आता ४८ चा अर्थ लावू. हा आकडा 'मिलिग्रॅम प्रति लिटर' या मापात असतो. निरोगी माणसात तो साधारण ५ च्या आत राहतो. काही लॅब 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' हे माप वापरतात. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. म्हणून एका लॅबचा ४८ आणि दुसऱ्या लॅबचा ४.८ हे एकच असू शकतात. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी माप वाचावे, मग आकडा.

दाह सुरू झाल्यावर सुमारे सहा तासांत सीआरपी वाढू लागतो आणि साधारण ४८ तासांनी टोक गाठतो. रक्तातला निम्मा सीआरपी नाहीसा व्हायला सुमारे १९ तास लागतात. म्हणजे औषध लागू पडून यकृताने आज नवा सीआरपी बनवणे थांबवले, तर ४८ चा उद्या याच वेळी सुमारे २० होईल. डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा तपासणी सांगतात ती यासाठी. एका आकड्यापेक्षा त्याची चढ-उतार जास्त सांगून जाते. दाह कुठे आहे आणि कशामुळे आहे, हे मात्र सीआरपी सांगू शकत नाही.

असे प्रथिन म्हणजे दाहदर्शक. प्रयोगशाळेच्या बोलीत 'मार्कर'.

२. मग उंदीर कशाला?

रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा दाह केव्हाच सुरू झालेला असतो. पहिला तास कोणता, हे कोणालाच ठाऊक नसते. वय, खाणे, आधीचे आजार, घेतलेल्या गोळ्या यांमुळे दोन रुग्ण कधीच सारखे नसतात. नवे औषध दाहाच्या कोणत्या टप्प्यावर काम करते हे शोधायचे, तर पहिला तास आपण ठरवलेला हवा आणि तुलनेचे जीव शक्य तितके सारखे हवेत.

प्रयोगशाळेतला छोटा उंदीर, म्हणजे माऊस, या दोन्ही गरजा भागवतो. त्याचे वजन २० ते ३० ग्रॅम. रॅट हा वेगळा प्राणी; तो दोन-तीनशे ग्रॅमचा. दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण दाहाच्या बाबतीत ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते पुढच्या भागात दिसेल. भाऊ-बहिणींचा संकर किमान वीस पिढ्या चालवला की त्या वंशातले सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. काळ्या रंगाचा 'सी५७ ब्लॅक ६' हा असाच जगभर वापरला जाणारा वंश. अशा उंदराला ई. कोलाय जंतूच्या कवचातला एलपीएस नावाचा घटक टोचला की दाहाचे घड्याळ त्या क्षणी सुरू होते.

महाराष्ट्रात उंदरांच्या वंशांवर शिस्तीने काम करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा आणि आनुवंशिकतेचा अभ्यास केला, ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटना त्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी आपल्या याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. प्रयोगशाळेतला उंदीर आणि अकोल्यातले मूल यांच्यात फार अंतर आहे. पण कोणाचे काय मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे, ही शिस्त दोन्हीकडे एकच लागते.

उंदीर मुका जीव आहे, म्हणून त्याच्यावरचा प्रयोग मनमानीपणे करता येत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनुसार संस्थेला केंद्रीय समितीकडे नोंदणी करावी लागते, आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी परवानगी लागते. किती उंदीर, का, आणि त्यांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून काय करणार, हे लिहून द्यावे लागते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलेली तीन तत्त्वे यामागे आहेत: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. मोजणी चुकली तर त्या जिवांचा त्रास वाया जातो. काळजीपूर्वक मोजणे हा म्हणूनच नीतीचाही भाग आहे.

३. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे

आता मूळ प्रश्न. उंदराला एलपीएस टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सीआरपी मोजला, तर काय दिसेल?

फारसे काही नाही. माणसात मोठ्या संसर्गात सीआरपी हजार पटींपर्यंत वाढू शकतो. माऊसमध्ये तो जेमतेम दोन-तीन पट हलतो. माऊसमध्ये सीआरपी आहे, त्याचे जनुकही आहे, पण तिथल्या यकृताने दाहाच्या वेळी भर दुसऱ्या प्रथिनांवर दिला आहे. सीरम अमायलॉइड ए, थोडक्यात एसएए, हे त्यातले पहिले. ते माऊसमध्ये हजार पटींपर्यंत उसळते. दुसरे सीरम अमायलॉइड पी. हे सीआरपीचे जवळचे भावंड असूनही माऊसमध्ये दाहात वाढते, माणसात मात्र जवळपास स्थिर राहते. हॅप्टोग्लोबिनही माऊसमध्ये चांगले वाढते.

रॅटची तऱ्हा आणखी निराळी. निरोगी रॅटच्या रक्तात सीआरपी मुळातच दर लिटरला शेकडो मिलिग्रॅम असतो. माणसाच्या मापाने पाहिले तर तो सदैव गंभीर आजारी ठरेल! रॅटमध्ये दाह पाहायचा तर अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन अधिक बोलके.

म्हणून 'उंदरात सीआरपी वाढला नाही, म्हणजे दाह झालाच नाही' हा निष्कर्ष चुकीचा. प्रश्नच चुकीच्या प्रथिनाला विचारलेला असतो. दाह मोजण्याच्या कामात पहिला निर्णय यंत्राचा नसतो; या प्राण्यात कोणते प्रथिन बोलते, हा असतो.

४. कोणत्या तासाला रक्त घ्यायचे?

दुसरा निर्णय वेळेचा. एलपीएस टोचल्यावर माऊसच्या रक्तात टीएनएफ-अल्फा साधारण एक ते दीड तासात टोकाला पोहोचते आणि काही तासांत जवळजवळ नाहीसे होते. आयएल-६ दोन ते चार तासांच्या दरम्यान शिखर गाठते. एसएएला यकृतात तयार व्हावे लागते, म्हणून ते सावकाश चढते आणि सुमारे चोवीस तासांनी भरात असते.

समजा, एका विद्यार्थ्याने सकाळी दहाला एलपीएस टोचले आणि दुसऱ्या दिवशी दहाला रक्त घेऊन टीएनएफ-अल्फा मोजले. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत आकडा शून्याजवळ येईल. तो लिहील, 'औषधाचा परिणाम नाही'. त्याच रक्तात एसएए मोजले असते तर कदाचित स्पष्ट फरक दिसला असता. उलट, दीड तासाने एसएए मोजले तर दोन्ही गट सारखेच दिसतील. प्रथिन आणि तास ही जोडी ठरवूनच प्रयोग आखावा लागतो.

५. थेंबभर रक्ताचा हिशेब

माणसाच्या दंडातून पाच मिलिलिटर रक्त काढले तर त्याला कळतही नाही. २५ ग्रॅमच्या माऊसच्या अंगात सगळे मिळून दोन मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. त्याला जिवंत आणि ठीक ठेवायचे तर एका वेळी दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे २०० मायक्रोलिटर, चार-पाच थेंब. ते अर्धा तास गोठू दिले, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, की हाती ८० ते १०० मायक्रोलिटर सीरम येते.

आता खर्चाची बाजू. ही प्रथिने मोजण्याची एलायझा नावाची चाचणी (तिची ओळख पुढच्या भागात) प्लेटवरच्या छोट्या खळग्यांत होते. एका खळग्याला ५० ते १०० मायक्रोलिटर नमुना लागतो, आणि प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालायचा असतो. न पातळ करता टीएनएफ-अल्फा मोजायला गेले तर एका प्रथिनातच सगळे सीरम संपते. एसएएचे तसे नाही. ते इतके मुबलक असते की सीरम शेकडो किंवा हजारो पट पातळ करावे लागते, आणि एक मायक्रोलिटर सीरमही पुरते. एकाच वेळी दहा-वीस सायटोकाइन हवी असतील तर रंगाने ओळखता येणाऱ्या सूक्ष्म मण्यांची पद्धत आहे. प्रत्येक रंगाचा मणी वेगळे प्रथिन पकडतो आणि २५ ते ५० मायक्रोलिटरमध्ये काम भागते. ती अर्थात महाग पडते.

रक्त घाईने ओढले तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम पिवळसरऐवजी गुलाबी दिसते. पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन पुढच्या रंगाच्या क्रियेत लुडबुड करू शकते. म्हणून गुलाबी नमुन्याची नोंद वहीत त्याच वेळी करायची. बाकीचे सीरम छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवायचे, म्हणजे एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. दर वेळी वितळताना काही नाजूक प्रथिने मोडतात. ग्रामीण भागात वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीजरला जनरेटरची जोड आहे का, हा प्रश्न आकड्याच्या विश्वासाशी थेट जोडलेला आहे.

६. दोन सह्यांचा धनादेश

सीरममध्ये हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतून नेमके एक निवडून मोजायचे. आणि तेही किती सूक्ष्म! ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर सीआरपी म्हणजे दर मिलिलिटरला ४ कोटी ८० लाख पिकोग्रॅम. आयएल-६ सारखे सायटोकाइन काही वेळा त्याच मापात अवघे शंभर असते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. सीआरपी इतका भरपूर असतो की दवाखान्याच्या लॅबमध्ये प्रतिपिंड लावलेले बारीक कण नमुन्यात मिसळून द्रव किती गढूळ झाला एवढे पाहूनही तो मोजता येतो. शंभर पिकोग्रॅमला तो गढूळपणा पुरत नाही.

इथे प्रतिपिंडे कामाला येतात. एखादे प्रतिपिंड म्हणजे शरीराने बनवलेले, एकाच आकाराला घट्ट चिकटणारे प्रथिन. त्याच्या आधारे केलेल्या मोजणीला इम्युनोअ‍ॅसे म्हणतात. १९५९-६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सोलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातले इन्सुलिन मोजले; या पद्धतीचे त्यांनी पेटंट घेतले नाही. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच वारले होते. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्साराच्या जागी विकर, म्हणजे एन्झाइम, वापरून रंग आणला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये फान वेमेन आणि स्खर्स यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले. हीच एलायझा. किरणोत्साराची भीती गेली आणि साध्या प्रयोगशाळांनाही पिकोग्रॅम मोजता येऊ लागले.

उंदरातली दाहदर्शके मोजायला बहुधा दुहेरी एलायझा वापरतात. आपल्या जिल्ह्यात सहकारी सोसायटीचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. धनादेशावर अध्यक्षाची एकट्याची सही असेल तर बँक पैसे देत नाही, सचिवाचीही लागते. दुहेरी एलायझात तसेच. खळग्याच्या तळाला बसवलेले पहिले प्रतिपिंड प्रथिनाला एका बाजूने पकडते. नंतर घातलेले दुसरे प्रतिपिंड त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या बाजूला चिकटते, आणि रंगाचे विकर त्याच्यामार्फतच तिथे बसते. दोन्ही सह्या एकाच प्रथिनावर झाल्या तरच रंग येतो. पहिल्या प्रतिपिंडाला चुकून दुसरे एखादे प्रथिन चिकटलेच, तरी दुसरे प्रतिपिंड त्याला ओळखत नाही आणि रंग येत नाही.

मात्र या व्यवहारात खोटी सही करणारेही भेटतात, आणि उंदराच्या नमुन्यात त्यांना खास वाव असतो. १९७५ मध्ये केलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची पद्धत शोधली, आणि ती मुळात उंदराच्याच पेशींपासून. म्हणून बाजारातली कितीतरी प्रतिपिंडे उंदराची असतात. माणसाचा नमुना तपासताना त्याने सहसा बिघडत नाही. पण उंदराच्या सीरममध्ये त्याची स्वतःची प्रतिपिंडे विपुल असतात. समजा, दुसरे प्रतिपिंड उंदराचे आहे आणि त्याला ओळखण्यासाठी 'उंदराच्या कोणत्याही प्रतिपिंडाला चिकटणारे' तिसरे प्रतिपिंड घातले. ते नमुन्यातून खळग्यात चिकटून राहिलेल्या प्रतिपिंडांनाही चिकटेल. हवे ते प्रथिन नसतानाही खळगा पिवळा होईल. यासाठी उंदरातली प्रथिने मोजताना रॅट, बकरी, ससा किंवा हॅमस्टरपासून मिळवलेली प्रतिपिंडे वापरतात. माणसासाठी बनवलेला संच आणून उंदराचे सीरम घातले तर त्यातली प्रतिपिंडे उंदराचे प्रथिन ओळखतील याचाही भरवसा नसतो. संचावर 'माऊस' लिहिले आहे की 'रॅट' की 'ह्यूमन', हे खरेदी करतानाच वाचायचे.

७. प्लेटवरचा एक दिवस

काम प्रत्यक्ष कसे चालते ते जवळून पाहू. पारदर्शक प्लास्टिकची प्लेट तळहातापेक्षा थोडी मोठी असते. तिच्यात आठ ओळी आणि बारा स्तंभ, एकूण ९६ खळगे. प्रयोगशाळेत यांना 'वेल' म्हणतात. आदल्या संध्याकाळी प्रत्येक वेलमध्ये पहिल्या प्रतिपिंडाचे द्रावण घालून प्लेट झाकून ४ अंशांवर ठेवतात. रात्रभरात प्रतिपिंडे प्लास्टिकला चिकटतात.

सकाळी प्लेट धुतात. धुण्याचे पाणी म्हणजे क्षारांच्या द्रावणात ०.०५ टक्के ट्वीन-२० हा साबणासारखा सौम्य पदार्थ. दर धुण्यानंतर प्लेट उलटी करून जाड टिपकागदावर आपटतात. नवशिक्याला हे आपटणे राहून जाते आणि वेलच्या तळाशी उरलेले पाणी पुढचा सगळा हिशेब बिघडवते. त्यानंतर प्लास्टिकच्या मोकळ्या जागा बुजवण्यासाठी गाईच्या सीरममधल्या अल्ब्युमिनचे एक टक्का द्रावण घालतात. हे केले नाही तर नमुन्यातली वाटेल ती प्रथिने तळाला चिकटून बसतात.

मग नमुने दोन तास ठेवतात, धुतात, दुसरे प्रतिपिंड घालतात, पुन्हा धुतात. त्या प्रतिपिंडाला बायोटिनची खूण असते. बायोटिनला स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन अत्यंत घट्ट पकडते, आणि त्यावर हॉर्सरॅडिश या तिखट मुळातले पेरॉक्सिडेज विकर बसवलेले असते. हे विकर इतके हळवे की जंतू वाढू नयेत म्हणून द्रावणात सोडियम अझाइड टाकले असेल तर ते निकामी होते आणि अख्खी प्लेट कोरी राहते.

शेवटी टीएमबी नावाचे रंगद्रव्य. प्रथिन जिथे जास्त तिथे वेल काही मिनिटांत निळी होऊ लागते. ठरलेल्या वेळी सौम्य गंधकाम्ल घातले की क्रिया थांबते आणि निळ्याचे पिवळे होते. पहिल्या वेलमध्ये आम्ल ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने घातले, त्याच क्रमाने शेवटच्या वेलपर्यंत जायचे, म्हणजे प्रत्येक वेलला सारखा वेळ मिळतो. मग यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात प्रत्येक वेल किती गडद आहे ते वाचते. त्या आकड्याला सारे 'ओडी' म्हणतात.

८. पिवळ्या रंगाचे पिकोग्रॅम कसे होतात?

ओडी ०.६२ म्हणजे किती आयएल-६? नुसत्या ओडीवरून कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून त्याच प्लेटवर, त्याच वेळी, माहीत असलेल्या प्रमाणाचे आयएल-६ ठेवलेले असते. याला स्टँडर्ड म्हणतात. १००० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात करून दर वेळी निम्मे पातळ करायचे: ५००, २५०, १२५, ६२.५, ३१.३, १५.६. शेवटी एक वेल कोरी, प्रथिनाशिवायची.

समजा, कोरी वेल वजा केल्यावर २५० च्या वेलची ओडी ०.८० आली आणि १२५ च्या वेलची ०.४५. आपला नमुना ०.६२. तो दोघांच्या साधारण मध्ये आहे. फरक काढू: ०.६२ मधून ०.४५ गेले, ०.१७ उरले. एकूण अंतर ०.३५. म्हणजे जवळजवळ निम्मी वाट. १२५ मध्ये १२५ चा सुमारे निम्मा, ६१, मिळवला की १८६ होतात. नमुना चार पट पातळ केला असेल तर १८६ ला ४ ने गुणायचे: ७४४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. प्रत्यक्षात स्टँडर्डची रेषा सरळ नसून इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते, म्हणून संगणक वक्र बसवतो. पण तर्क हाच.

यातून लक्षात येईल की एलायझाचे उत्तर शेजारच्या वेलशी केलेल्या तुलनेतून येते. स्टँडर्ड चुकीचे विरघळवले तर सगळे नमुने एकाच पटीत चुकतील आणि प्लेट दिसायला मात्र सुंदर दिसेल. नमुन्याची ओडी सर्वांत गडद स्टँडर्डच्याही वर गेली तर पुढचा आकडा अंदाजाने लिहायचा नसतो. नमुना अधिक पातळ करून पुन्हा मोजायचा.

९. आकडा कुठे फसवतो?

पहिला धोका दोन जुळ्या वेलमध्ये दिसतो. एका नमुन्याच्या दोन वेल ०.६० आणि ०.६४ आल्या तर ठीक. ०.४५ आणि ०.८० आल्या तर सरासरी काढून पुढे जाणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे. तो नमुना पुन्हा करायला हवा. प्लेटच्या कडेच्या वेल लवकर तापतात आणि लवकर सुकतात, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर अधिकच. म्हणून एका गटाचे सगळे नमुने कडेला आणि दुसऱ्याचे मधोमध, अशी मांडणी कधी करू नये.

दुसरा धोका पातळ करण्यात कळतो. नमुना दोन पट पातळ केला तर ओडीवरून येणारे उत्तर निम्मे यायला हवे, चार पट केला तर पाव. तसे आले नाही, तर सीरममधले आणखी काहीतरी चाचणीत ढवळाढवळ करते आहे. माहीत असलेले प्रथिन मुद्दाम नमुन्यात मिसळून ते पुरते सापडते का, हेही तपासतात.

तिसरा धोका मोजणीचा नाही, गणतीचा आहे. एका माऊसचे सीरम आठ वेलमध्ये घातले तर आठ माऊस होत नाहीत. आठ वेल हात किती स्थिर आहे ते सांगतात; औषध किती जिवांत लागू पडले, हे फक्त आठ वेगवेगळे माऊस सांगू शकतात.

चौथा धोका सर्वांत खोल आहे. कोविडच्या काळात आयएल-६ चा निरोप अडवणारे टॉसिलिझुमॅब हे इंजेक्शन मिळावे म्हणून अनेक कुटुंबांनी धावपळ केली. ते मूळ उंदराच्या प्रतिपिंडापासून, त्याला माणसाच्या शरीराला चालेल असे रूप देऊन बनवलेले आहे. ते दिले की आयएल-६ चा निरोप यकृतापर्यंत लागू पडत नाही आणि सीआरपी खाली येतो, मग शरीरात संसर्ग असला तरी. म्हणून हे औषध चालू असताना कमी सीआरपी पाहून निर्धास्त होता येत नाही. दर्शक प्रथिन हे दाहाच्या साखळीतले एक टोक आहे. औषधाने साखळी मध्येच तोडली तर टोक शांत दिसते, आणि आजार चालू राहू शकतो.

१०. निर्गुंडी आणि चार प्रश्न

निर्गुंडीची झुडपे आपल्याकडे ओढ्याकाठी आणि बांधावर सर्रास दिसतात. गुडघा सुजला की तिचा पाला वाफवून बांधण्याची चाल घरोघरी आहे. अशा वनस्पतींचे दावे तपासावेत असे वाटणे रास्त आहे, आणि त्यासाठी शिकलेली मुले-मुली इथेच तयार होतात. लोणी, संगमनेर, विळद घाट इथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. या शास्त्रातली जुनी, स्वस्त पद्धत अशी: समुद्री शेवाळातले कॅराजीनन रॅटच्या पंजात टोचायचे आणि पंजा द्रवात बुडवून किती द्रव सरकला यावरून सूज मोजायची. १९६२ पासून ही पद्धत जगभर रूढ आहे. तिने पंजा किती फुगला ते कळते. फुगण्यामागचा निरोप कुठे अडला, हे कळायला रक्तातली प्रथिने मोजावी लागतात.

त्यातही एक सापळा आहे. वनस्पतीच्या अर्कात काही वेळा मातीतल्या जंतूंच्या कवचाचे अंश, म्हणजे एलपीएसच, मिसळलेले असतात. मग अर्क स्वतःच दाह निर्माण करतो. उलट, अर्कातली रंगद्रव्ये आणि तुरट घटक चाचणीतल्या विकरालाच अडवून खोटी घट दाखवू शकतात. म्हणून प्रामाणिक संशोधक नुसता अर्क दिलेल्या निरोगी माऊसचा गटही ठेवतो, आणि अर्क थेट स्टँडर्डच्या वेलमध्ये घालून रंग बदलतो का तेही पाहतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'उंदरांवर सिद्ध' असे वाचले की चार प्रश्न विचारावेत. कोणता प्राणी, माऊस की रॅट, आणि त्याच्यात जे प्रथिन खरोखर बोलते तेच मोजले का? टोचल्यानंतर कितव्या तासाला रक्त घेतले? चाचणीतली प्रतिपिंडे त्या प्राण्यासाठी बनवलेली होती का, आणि स्टँडर्ड, कोरी वेल, पातळ केलेला नमुना यांची नोंद दिली आहे का? आणि प्रत्येक गटात वेगवेगळे जीव किती होते?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आणि त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते औषध निरुपयोगी ठरत नाही. ते अजून तपासायचे राहिले आहे, एवढेच ठरते. आणि तोवर 'सिद्ध' हा शब्द त्याच्या बाटलीवर छापण्याचा अधिकार कोणालाही नाही.